तीन लस्कर आणि एक नाणे

इंग्लंडमधल्या एका खेड्याजवळची, गर्द झाडीतून जाणारी वाट. वाटेच्या कडेला तीन सावळी माणसे बसलेली आहेत. त्यांचा पेहराव त्या मुलखातला नाही. एकाने मान खाली घालून हात पुढे केला आहे. समोर सधन घरातला एक लहान मुलगा उभा आहे. त्याच्या सोबत दोन तरुण स्त्रिया आहेत आणि त्या त्याला धीर देऊन पुढे करत आहेत. मुलाने नाणे देण्यासाठी हात लांबवला आहे, पण अंग मात्र मागेच राहिले आहे. त्याला द्यायचे तर आहे, पण भीतीही वाटते आहे.

हे चित्र विल्यम मलरेडी या चित्रकाराचे. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागले. पुढे आगीत त्याला इजा झाली, तेव्हा मलरेडीने ते पुन्हा हाती घेऊन दुरुस्त केले. चित्राचे नाव लांबलचक आहे आणि ते बायबलच्या नीतिसूत्रांतून घेतले आहे. मुलाला लहानपणीच योग्य वाटेला लावा, म्हणजे म्हातारपणीही तो ती वाट सोडणार नाही, असा त्या वचनाचा आशय. थोडक्यात, हे मुलाला दान शिकवण्याचे चित्र आहे.

रमजानच्या महिन्यात हाच धडा सोलापुरातल्या घराघरांत दिला जातो. मशिदीबाहेर बसलेल्या माणसाच्या हातात पैसे ठेवायला आई-वडील लेकराला पुढे करतात. इफ्तारीचे ताट शेजारी नेऊन द्यायला मुलांनाच पाठवतात. त्यामुळे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे हे परक्या देशातले चित्र आपल्याला ओळखीचे वाटते. त्या वाटेवर बसलेले तिघे कोण, हे कळले की ते अधिकच जवळचे होते.

खेड्यातले प्रसंग रंगवणारा चित्रकार

मलरेडी मूळचा आयर्लंडमधल्या एनिस गावचा. जन्म १७८६, मृत्यू १८६३. राजेरजवाडे आणि लढाया यांऐवजी खेड्यातले साधे प्रसंग रंगवणाऱ्या चित्रकारांत त्याचे नाव मोठे होते. ब्रिटनमध्ये १८४० साली पेनी पोस्ट सुरू झाले, तेव्हा टपाल खात्याचे पहिले सचित्र पाकीट त्यानेच काढले होते. मध्यभागी ब्रिटानिया बसली आहे आणि तिचे दूत हत्ती-उंटांच्या जगापर्यंत पत्रे पोचवत आहेत, असे ते चित्र. लोकांनी त्याची इतकी टर उडवली की सरकारला ते पाकीट मागे घ्यावे लागले.

पण लहान मुलांच्या मनातली चलबिचल रंगवण्यात मलरेडीचा हात धरणारा विरळा. १८३४ सालचे त्याचे एक चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एक मुलगा दुसऱ्याला आपल्या सफरचंदाचा घास देतो आहे. देतो खरे, पण सफरचंद दोन्ही हातांनी घट्ट धरून. समोरच्याने फार मोठा घास घेऊ नये ही धास्ती त्याच्या अंगाअंगात दिसते. ज्यांच्या घरी दोन भावंडे आहेत, त्यांना हे चित्र समजावून सांगायची गरज नाही.

१८४१ च्या चित्रात हीच नजर अधिक गंभीर झाली आहे. मलरेडीने दान देणारा मुलगा देवदूतासारखा रंगवलेला नाही. दया, भीती, आज्ञाधारकपणा, परक्या माणसाबद्दलचा संशय हे सगळे त्या एका लांबवलेल्या हातात एकत्र आले आहे. हे चित्र आजही बोलते, ते या प्रामाणिकपणामुळे.

लष्कर, लस्कर, खलाशी

वाटेवरचे ते तिघे म्हणजे लस्कर, ब्रिटिश जहाजांवर काम करणारे आशियाई खलाशी. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. फारसीत लश्कर म्हणजे फौज. मराठीत त्याचे लष्कर झाले आणि सोलापुरात तर सदर बझारकडच्या एका भागाचे ते नावच आहे. युरोपीय जहाजवाल्यांच्या तोंडी त्याच शब्दाचे लस्कर झाले आणि अर्थ बदलून तो दर्यावरच्या मजुराला लागू पडला. खलाशी, सारंग, तांडेल हे शब्दही याच दर्यावरच्या बोलीतून मराठीत आणि उर्दूत रुळले.

हे लस्कर येत कोठून? कच्छ, सुरत, मलबार, गोवा, पूर्वेकडे सिल्हेट आणि चितगाव. आणि आपल्याकडे कोकण. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबई बंदरात जात आणि सारंगाच्या टोळीत नाव घालून जहाजावर चढत. त्यांत मुस्लिमांचा भरणा मोठा होता, तसे हिंदू आणि ख्रिस्तीही होते. पगार युरोपीय खलाशापेक्षा कितीतरी कमी, जागा अपुरी, थंडीचे कपडे नावापुरते. तरी जहाजे त्यांच्याच बळावर चालत. १९१४ पर्यंत ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्यांची संख्या ५१ हजारांवर गेली होती.

खरी अडचण लंडनला पोचल्यावर सुरू होई. जहाज माल उतरवून धक्क्याला लागले की परतीचे जहाज मिळेपर्यंत या माणसांचे काय करायचे, याची कोणाला घाई नसे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात शॅडवेल भागात त्यांना बराकींत कोंबले जाई. १८१४-१५ मध्ये या बराकींच्या दुरवस्थेची चौकशी पार्लमेंटच्या समितीला करावी लागली. १८२३ च्या कायद्याने तर चमत्कारिक स्थिती केली. या माणसांना मायदेशी परत पाठवण्याची जबाबदारी जहाजमालकांवर टाकली, पण ब्रिटिश अमलाखालच्या मुलखात जन्मूनही त्यांना ब्रिटिश खलाशी मानायचे नाही, असेही ठरवले. काम ब्रिटिश जहाजावर, राज्य ब्रिटिशांचे, हक्क मात्र नाही.

मग पगार बुडालेले, आजारी पडलेले, जहाज चुकलेले लस्कर रस्त्यावर येत. कोणी चौकात झाडू मारी, कोणी धर्मपत्रिका विके, कोणी ढोलके वाजवून चार पैसे मागे. लंडनच्या गरिबांची हकिगत लिहिणाऱ्या हेन्री मेह्यू याच्या पुस्तकात अशा हिंदी माणसांची वर्णने आहेत. काही जण शहर सोडून खेड्यांच्या वाटांवर भटकत. मलरेडीचे तिघे अशाच एका वाटेवर बसले आहेत. चित्रात त्यांना नाव नाही, गाव नाही. मुलाला दान शिकवण्यासाठी जेवढे लागतात तेवढेच ते आहेत.

वाटेवरचा माणूस

इस्लाममध्ये जकात कोणाला द्यायची, हे देणाऱ्याच्या लहरीवर सोडलेले नाही. कुरआनच्या नवव्या सूरहमध्ये तिचे आठ हक्कदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन पहिले, पुढे कर्जात बुडालेले, गुलामीतून सुटू पाहणारे आणि शेवटी इब्नुस्सबील. शब्दशः अर्थ वाटेचा पुत्र, म्हणजे प्रवासात अडकलेला मुसाफिर. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी याचा खुलासा करताना एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. हा माणूस आपल्या घरी सधन असला तरी चालेल. वाटेत त्याच्याजवळ काही उरले नसेल, तर त्याचा जकातीवर हक्क आहे.

याचा अर्थ फार खोल आहे. हात पुढे करणारा माणूस देणाऱ्यापेक्षा खालच्या पायरीवरचा असतोच असे नाही. आज तो वाटेत अडकला आहे, एवढेच. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या घरात तोही कोणाचा तरी बाप आहे, कोणाचा भाऊ आहे, दारी आलेल्याला भाकरी देणारा आहे. मलरेडीच्या चित्रातल्या मुलाला हे कोणी सांगितलेले नाही. त्याला दिसतो तो फक्त एक भीतीदायक हात.

जकात या शब्दाचा मराठीतला प्रवासही मजेशीर आहे. मराठीत जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा नाका, थांबलेले ट्रक आणि पावतीपुस्तक आठवते. उर्दूत मात्र जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून अडीच टक्के काढून गरजूंना देणे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शुद्ध होणे आणि वाढणे. दोन्ही भाषांत एक गोष्ट मात्र समान राहिली आहे. ही ऐच्छिक खैरात नव्हे. नाक्यावर जकात भरणारा मेहरबानी करत नसे, देणे चुकवत असे. रमजानमध्ये जकात देणाराही देणेच चुकवतो. मागणाऱ्याचा आणि वंचिताचा श्रीमंताच्या संपत्तीत हक्क आहे, ही कुरआनची भूमिका आहे. हक्क हा शब्द मराठीनेही तिथूनच घेतला.

या नजरेने चित्र पुन्हा पाहिले की एक प्रश्न उभा राहतो. त्या तीन लस्करांचे खरे देणे किती होते? त्यांचा बुडालेला पगार, परतीच्या प्रवासाची सोय आणि हिवाळ्यात डोक्यावर छप्पर. त्यांच्या हातावर पडले ते एक नाणे.

चित्राचा मालक

हे चित्र ज्याने मलरेडीकडून करून घेतले, तो थॉमस बेअरिंग हा लंडनमधल्या बलाढ्य बेअरिंग पेढीचा भागीदार. त्याचे आजोबा सर फ्रान्सिस बेअरिंग हे ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते. ज्या व्यापाराने हे लस्कर लंडनच्या धक्क्यावर आणून सोडले, त्याच व्यापाराशी या घराण्याचे भाग्य जोडलेले होते. बेअरिंगला चित्रांचा मनापासून शौक होता आणि लहान मुलाच्या दयेचे चित्र त्याला आवडले असेल, तर त्यात ढोंग शोधायचे कारण नाही. माणूस एका हाताने कमावतो ते कसे कमावतो, आणि दुसऱ्या हाताने देतो ते कोणाला देतो, या दोन गोष्टींची गाठ मनात पडतेच असे नाही. ती पडावी म्हणून तर रोजा आहे.

बेअरिंग १८७३ मध्ये वारला आणि त्याचा चित्रसंग्रह पुतण्याकडे गेला. हा पुतण्या म्हणजे लॉर्ड नॉर्थब्रूक, त्या वेळचा हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. त्याच्याच कारकिर्दीत १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला. सरकारने ब्रह्मदेशातून तांदूळ आणला, सढळ हाताने वाटला, भूकबळी टळले. पण खर्च फार झाला अशी टीका झाली. त्या मदतकार्यावर असलेले सर रिचर्ड टेंपल यांनी ही टीका मनाला लावून घेतली. दोन-तीन वर्षांनी दख्खनमध्ये महादुष्काळ आला, तेव्हा नॉर्थब्रूक परत गेले होते आणि लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होते. टेंपल यांनी या वेळी हात आखडला. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रतल धान्य आणि वर एक आणा, असा हिशेब ठरला. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्या मजुरीवर काम नाकारले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. त्या दुष्काळात होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होते.

दया देणाऱ्याच्या मर्जीवर राहिली की काय होते, हे त्या दोन दुष्काळांनी दाखवले. एका वर्षी मन द्रवले तर माणसे जगली. दुसऱ्या वर्षी हिशेब आठवला तर मेली. हक्क मात्र दर वर्षी तेवढाच राहतो.

लंडनच्या लस्करांसाठीही पुढे काही घडले. १८५६ मध्ये राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या हस्ते लाइमहाउस भागात परदेशी खलाशांच्या निवाऱ्याची कोनशिला बसली आणि १८५७ मध्ये तो सुरू झाला. राज्य गमावून इंग्लंडला पोचलेल्या महाराजा दुलीपसिंग यांनी त्यासाठी ५०० पौंड दिले. एका अडकलेल्या हिंदी माणसाने इतर अडकलेल्यांसाठी दिलेली ही देणगी त्या सगळ्या कथेत वेगळी उठून दिसते. मलरेडीच्या चित्रानंतर सोळा वर्षांनी वाटेवरच्या माणसाला नाण्याऐवजी दार मिळाले.

मान कोणी वाकवायची?

चित्रात खटकते ती एकच गोष्ट. घेणाऱ्याची मान खाली आहे आणि देणारा त्याच्यासमोर ताठ उभा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या परंपरांत हे चित्र नेमके उलटे दिसते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सोलापूर जिल्ह्यातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. दुष्काळात दामाजींनी बिदरच्या बहामनी बादशहाची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी उघडली. बादशहाने जाब विचारला, तेव्हा विठू नावाचा एक महार दरबारात आला, धान्याची पूर्ण रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि निघून गेला. तो विठ्ठलच होता, अशी भाविकांची श्रद्धा. या कथेत देणाऱ्याने आपले खरे नाव सांगितले नाही, आणि तो आला तो समाजाने सगळ्यांत खाली लोटलेल्या माणसाच्या रूपात. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे की, उजव्या हाताने दिलेले डाव्या हातालाही कळू नये. कथा आणि शिकवण वेगवेगळ्या वाटांनी आल्या, पण एकाच ठिकाणी पोचल्या.

आषाढात पालख्या जिल्ह्यात शिरल्या की नातेपुते, वेळापूरच्या वाटेवर काय दिसते? वारकऱ्याच्या ताटात भाकरी-पिठले वाढणारा त्याला माऊली म्हणतो आणि वाढून झाल्यावर त्याच्याच पाया पडतो. इथे मान देणाऱ्याची वाकते. घेणाऱ्याने आपल्याला सेवेची संधी दिली, हा त्यामागचा भाव. त्या वाढणाऱ्यांत कितीतरी गावांतली मुस्लिम मंडळी असतात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत रमजानचा महिना एप्रिलअखेरीस सुरू झाला. पुणे आणि मुंबईकडून मजूर पायी गावाकडे निघाले होते. डोक्यावर बोचके, कडेवर लेकरू, पायांत फोड. इब्नुस्सबील हा शब्द पुस्तकातून उठून महामार्गावर आला. रस्त्याकडेच्या वस्त्यांनी पाणी दिले, भाकरी दिल्या, चपला दिल्या. ज्यांनी दिले त्यांतल्या अनेकांचे स्वतःचे रोजे होते. दुपारच्या उन्हात दुसऱ्याला पाणी पाजायचे आणि स्वतः सूर्यास्ताची वाट पाहायची, याहून मोठी इबादत कोणती?

पण त्याच काळात आणखी एक गोष्ट रूढ झाली. शिध्याची पिशवी देताना फोटो काढायचा. पिशवीच्या एका टोकाला चार-पाच हसरे चेहरे, दुसऱ्या टोकाला एक बाई, पदर तोंडावर ओढलेली. मग तो फोटो व्हॉट्सअॅपवर. ही रीत कोण्या एका धर्माची राहिलेली नाही. रमजानचा शिधा असो की दिवाळीचा फराळ, कॅमेरा सगळीकडे पोचला आहे. विडी वळून घर चालवणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या घरातल्या मुलीने आपल्या आईचा तसा फोटो मैत्रिणीच्या मोबाइलवर पाहिला, तर त्या पिशवीतल्या शेवया तिच्या घशाखाली उतरतील का? दान देऊन नंतर दुखावण्यापेक्षा गोड शब्द बोललेला बरा, असे कुरआनने चौदा शतकांपूर्वीच बजावले आहे. मलरेडीच्या तीन लस्करांकडे निदान त्यांना ओळखणारे कोणी बघत नव्हते.

मुलांना काय शिकवायचे?

मुलांना द्यायला शिकवूच नये, असा याचा अर्थ नव्हे. मलरेडीच्या चित्रातल्या त्या स्त्रिया चुकीचे काही करत नाहीत. भ्यालेल्या लेकराला माणसाजवळ नेणे हे चांगलेच काम आहे. उणीव आहे ती पुढच्या पावलाची. नाणे दिल्यावर मुलाने त्या माणसाच्या शेजारी बसून विचारले असते, काका, तुमचे गाव कोणते, तर चित्र पूर्ण झाले असते. मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंग यांनी योजलेली शिल्पपट्टी आजही आहे. त्याच व्हिक्टोरियन काळातली, पण तिच्यात हिंदी शेतकरी आहे. साध्या माणसाला भिकेच्या हाताविना पाहता येते, हे त्या काळातही कोणाला तरी सुचले होते.

रमजानच्या शेवटी येणारा फितरा हा मुलांसाठीचा सर्वांत सोपा धडा आहे. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने तो काढायचा, ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेल्या तान्ह्या बाळाच्याही नावाने. म्हणजे माणूस बोलायला शिकण्याआधी देणारा होतो. फितरा ईदच्या नमाजपूर्वी पोचवायचा असतो, कारण सणाच्या दिवशी गरिबाला कोणाच्या दारी जावे लागू नये. जकातीबद्दलही अभ्यासकांनी मोकळीक दिली आहे. ही जकात आहे, असे घेणाऱ्याला सांगण्याची गरज नाही. ईदी म्हणून द्या, मुलांच्या कपड्यांसाठी म्हणून द्या, मनात नियत असली की झाले.

विजापूर वेशीतल्या गर्दीत या आठवड्यात खरेदीला आलेल्या पालकांच्या बोटाला धरून मुले फिरतील. नवे कपडे, बांगड्या, शिरखुर्म्याचा सुकामेवा घेतला जाईल. त्याच फेरीत कोणाच्या तरी घरी गुपचूप एक पिशवी पोचवायची असेल, तर मुलाला सोबत न्यावे. दारात उभे राहून सलाम करावा, नमस्कार करावा, आजींची तब्येत विचारावी, चहाचा आग्रह झाला आणि रोजा सुटलेला असेल तर बसून चहा घ्यावा. पिशवीबद्दल कोणी काही बोलू नये. परत येताना मुलाने विचारले, की त्यांना आपण काय दिले, तर उत्तर एवढेच द्यावे: त्यांचे होते, ते त्यांना पोचवले.